२,१४,७४,८३,६४७: ओळीने पेटलेले एकतीस दिवे

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेची सभासदांची यादी वहीतून संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आलं. नाव, पत्ता, खाते क्रमांक, मोबाइल. दोन मुलं दोन दिवस बसून नोंदी भरत होती. तिसऱ्या दिवशी यादी छापली आणि पाहतो तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक सभासदाचा मोबाइल क्रमांक एकच: २१४७४८३६४७. मुलांनी एकच नंबर खाली चिकटवत नेला असं वाटून मी त्यांना बोललो. चूक माझी होती. मोबाइलचा रकाना मी ‘पूर्णांक’ या प्रकारचा ठेवला होता. त्या रकान्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ होती. आपला मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे संख्या म्हणून वाचला तर तो सहा अब्जांच्या वरच असतो. डेटाबेसची मांडणी अशी होती की मोठी संख्या आली की तक्रार न करता ती कमाल मर्यादेवर आणून ठेवायची. शेकडो माणसांचे वेगवेगळे क्रमांक त्या एकाच भिंतीला जाऊन टेकले.

मर्यादा असणार हे समजण्यासारखं आहे. पण हीच का? दोन अब्ज का नाही? या प्रश्नामागे लागलो आणि लक्षात आलं की ही संख्या संगणकाच्या जन्माआधी जवळपास पावणेदोनशे वर्षं प्रसिद्ध होती, आणि तीही अगदी वेगळ्या कारणासाठी.

आधी तिचा नीट उच्चार करू: दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दशमानात लिहिलेली ही संख्या पाहून काहीच कळत नाही. आकड्यांत ना क्रम, ना लय. देवळालीच्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ आठवा. त्याची सगळी जादू आकडे उलटसुलट मांडून वजाबाकी करण्यात आहे, म्हणजे आपण दशमानात लिहितो म्हणून ती दिसते. आपल्या या संख्येचं उलट आहे. तिचा चेहरा दशमानात झाकलेला आहे आणि दुपटीच्या हिशेबात तो उघडा पडतो.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत जायचं. आता दोन घरांची बेरीज करा: १ + २ = ३. तिसऱ्या घरात चार आहेत, म्हणजे बेरीज त्याहून एक कमी. तीन घरांची बेरीज ७, चौथ्या घरात ८. पुन्हा एक कमी. हे असंच चालू राहतं. पहिल्या कितीही घरांची बेरीज पुढच्या घरापेक्षा बरोबर एकाने कमी. बत्तिसाव्या घरात २,१४,७४,८३,६४८ दाणे येतात, आणि त्याआधीच्या एकतीस घरांतले सगळे दाणे मिळून २,१४,७४,८३,६४७. तांदळाचा दाणा वीस मिलीग्रॅमचा धरला तर हा साधारण ४३ टन तांदूळ झाला, पन्नास किलोची सुमारे ८६० पोती. आणि पट अजून अर्धासुद्धा भरलेला नाही.

गणिताच्या भाषेत ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. दोनच्या हिशेबात, म्हणजे द्विमान पद्धतीत, ती लिहिली तर नुसते एकतीस १ ओळीने येतात. एकतीस दिवे लावले आहेत आणि सगळे पेटलेले आहेत, असं समजा. आपल्याकडे दशमानात ९९९ किंवा ९९९९९ जशी असते, तशी ही द्विमानातली ‘सगळे नऊ’ आहे. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा मीटर ९९९९९ वर आला की पुढच्या किलोमीटरला सगळी चाकं एकदम फिरून शून्यं येतात, तीच अवस्था.

संगणकाने साधा पूर्णांक ठेवायला बहुधा ३२ खाने दिलेले असतात. प्रत्येक खान्यात ० किंवा १. पण संख्या ऋणही असू शकते, म्हणून सर्वांत डावीकडचा खाना त्या कामाला लावलेला असतो. त्याची किंमतच उणे २,१४,७४,८३,६४८ धरलेली असते. उरले ३१ खाने. ते सगळे भरले की आपली संख्या झाली. आता त्यात एक मिळवा. शाळेत बेरीज करताना हातचा एक घेतो तसा हातचा पहिल्या खान्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा सरकत जातो, मागे शून्यं सोडत जातो, आणि शेवटी बत्तिसाव्या खान्यात जाऊन बसतो. तो खाना ऋण चिन्हाचा! दोन अब्जांहून मोठ्या संख्येत एक मिळवला आणि उत्तर आलं उणे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे अठ्ठेचाळीस.

हे नुसतं कागदावरचं नाही. अनेक संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच वेळेच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले या हिशेबाने. तो हिशेब जिथे ३२ खान्यांत ठेवलेला आहे, तिथे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी काटा २,१४,७४,८३,६४७ वर येईल. मंगळवार असेल. पुढच्या सेकंदाला अशा यंत्राची तारीख ग्रीनिच वेळेनुसार १३ डिसेंबर १९०१ होईल. मोठ्या यंत्रणा बऱ्याचशा ६४ खान्यांवर गेल्या आहेत. मला काळजी वाटते ती भिंतीत, पॅनेलमध्ये, मशीनच्या पोटात बसवून विसरलेल्या छोट्या यंत्रांची. २०१४ मध्ये यूट्यूबवर एका कोरियन गाण्याची दर्शकसंख्या याच मर्यादेला आली, तेव्हा तिथला मोजणीचा खाना मोठा करावा लागला होता.

संगणकाची बाजू इथे संपते. खरी गंमत पुढे आहे.

या संख्येला १ आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही. ती मूळ संख्या आहे. आणि संगणकवाल्यांनी ती मूळ आहे म्हणून निवडलेली नाही, खाने मोजताना ती हाताला लागली. मग हा योगायोग म्हणायचा का? पूर्ण नाही. त्यामागे कारण आहे आणि ते दिव्यांच्या ओळीतच दिसतं.

सहा १ ओळीने लिहा: ११११११. ते तीन-तीनच्या दोन गटांत पडतात, १११ आणि १११. म्हणून या संख्येला १११ ने भाग जाणारच: दशमानात १११ × १००१ = १११,१११. द्विमानातही हेच; तिथे सहा दिवे म्हणजे ६३, तीन दिवे म्हणजे ७, आणि ६३ = ७ × ९. दिव्यांची ओळ सारख्या गटांत मोडता आली की संख्याही फुटते. दिव्यांची संख्याच मूळ असेल तर सारखे गट पडत नाहीत, आणि फुटण्याचा हा सोपा मार्ग बंद होतो.

आता संगणकातल्या खान्यांकडे पाहा. ८ खाने, १६ खाने, ३२, ६४. चिन्हाचा एक वजा केला की ७, १५, ३१, ६३ उरतात. सात मूळ आहे, आणि ७ दिव्यांची संख्या १२७ मूळ आहे. पंधरा मूळ नाही, म्हणून १६ खान्यांची मर्यादा ३२,७६७ फुटते: ७ × ३१ × १५१. एकतीस मूळ आहे. त्रेसष्ट नाही. मला हा क्रम फार आवडतो. एक आड एक.

पण दिव्यांची संख्या मूळ असली की काम झालं, असं समजू नका. अकरा दिवे पेटवा. २०४७ येतात. अकरा मूळ आहे, तरी २०४७ = २३ × ८९. म्हणजे मोठा दरवाजा बंद झाला तरी संख्या चोरवाटेने फुटू शकते. एकतीस दिव्यांना अशी चोरवाट नाही, हे सिद्ध कसं करायचं?

फ्रान्समधले मारँ मेर्सेन हे धर्मोपदेशक होते, आणि युरोपभरच्या गणित्यांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १६४४ मध्ये त्यांनी यादी दिली: दिवे २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असतील तर संख्या मूळ. त्यातल्या १७ आणि १९ ची शहानिशा इटलीच्या पिएत्रो कतालदी यांनी १५८८ मध्येच केली होती. पुढच्या संख्यांबद्दल मेर्सेन यांच्याकडे सिद्धता नव्हती आणि यादीत चुका होत्या. ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. ६१, ८९ आणि १०७ राहूनच गेले होते. ६७ ची चूक १८७६ मध्ये कळली, पण भाग कशाने जातो ते कळायला १९०३ साल उजाडलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला गणित्यांच्या सभेत अमेरिकेचे फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. एका बाजूला २ चा ६७ वा घात वजा १ काढून १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ लिहिलं, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने केला, दोन्हीकडे तेच उत्तर आलं, आणि एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले, असं सांगतात.

३१ चा निकाल लागला तो १७७२ मध्ये, गणिती लेओनार्ड ऑयलर यांच्या हातून. ते तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होते. वय पासष्टच्या आसपास, आणि दृष्टी जवळपास पूर्ण गेलेली. गणिती बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही संख्या मूळ असल्याचं कळवलं. अशा अवस्थेतल्या माणसाने दोन अब्जांची संख्या कशी पारखली, हे समजून घेण्यासारखं आहे. तो रस्ता आपल्यालाही चालता येतो, फक्त बेरीज, गुणाकार आणि बाकी एवढ्या शिदोरीवर.

पहिली गोष्ट शाळेतलीच. संख्येचे दोन तुकडे पडणार असतील तर लहान तुकडा तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही. इथे वर्गमूळ ४६,३४१ च्या किंचित अलीकडे येतं. म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं. त्या भरतात जवळपास ४,८००. कागदावर ४,८०० भागाकार, तेही दहा आकडी संख्येचे. नको वाटतं.

आता दुसरी गोष्ट. २३ घेऊ, कारण त्याने अकरा दिव्यांची संख्या फुटते हे आपण पाहिलं आहे. २ पासून दुप्पट करत चला आणि २३ च्या वर गेलं की २३ वजा करा: २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. मोजा. अकराव्या पावलाला १ आला. २ च्या ११ व्या घाताला २३ ने भागलं तर बाकी १ उरते, असा त्याचा अर्थ. मग त्यातून १ काढला की २३ ने निःशेष भाग जाणारच. पुढे चालत राहिलात तर पुन्हा २, ४, ८, म्हणजे तीच फेरी.

फ्रान्सचे गणिती फर्मा यांनी १६४० मध्ये सांगितलेला नियम असा: कोणतीही विषम मूळ संख्या घ्या, अशी दुप्पट करत त्या संख्येहून एक कमी इतकी पावलं चाललात की १ येणारच. २३ साठी २२ पावलं, म्हणजे ११ च्या दोन पूर्ण फेऱ्या. फेरीची लांबी नेहमी ‘संख्या वजा एक’ मध्ये पूर्ण बसते. देवळाला घातलेल्या प्रदक्षिणेसारखं समजा: जिथून निघालो तिथे परत आलो, तर प्रदक्षिणा पूर्णच झालेल्या असणार, अर्धवट नाही.

हे आपल्या संख्येला लावा. समजा तिला भागणारी एखादी मूळ संख्या आहे. तर त्या संख्येच्या हिशेबात एकतीस पावलांनंतर १ यायला हवा. एकतीस पावलांत फेऱ्या पूर्ण बसायला हव्यात, आणि ३१ मूळ आहे, तेव्हा फेरी एक पावलाची किंवा एकतीस पावलांची. एक पावलाची फेरी म्हणजे २ आणि १ सारखेच, ते अशक्य. म्हणून फेरी ३१ चीच. फेरी ‘संख्या वजा एक’ मध्ये बसते, आणि ‘संख्या वजा एक’ सम आहे, म्हणून तिला ६२ ने भाग जातो. भाग देणारी संख्या असलीच तर ती ६२ च्या पाढ्यात एक मिळवून आलेली: ६३, १२५, १८७, २४९... २३ आणि ८९ पडताळून पाहा. ११ ची दुप्पट २२. २३ म्हणजे २२ अधिक १, आणि ८९ म्हणजे ८८ अधिक १.

एवढ्यानेच बहुतेक मूळ संख्या गळून पडल्या. तरी अजून एक चाळणी आहे. एकतीस पावलांनी १ येतो, तर बत्तिसाव्या पावलाला २ येणार. पण २ चा ३२ वा घात म्हणजे ६५,५३६ चा वर्ग. म्हणजे भाग देणाऱ्या संख्येच्या हिशेबात एका वर्गाची बाकी २ उरली पाहिजे. हे सगळ्याच संख्यांना जमत नाही. ५ ने कोणताही वर्ग भागा, बाकी ०, १ किंवा ४ येईल, २ कधीच नाही. ७ ला जमतं (९ ला ७ ने भागलं की बाकी २), १७ ला जमतं (३६), २३ ला जमतं (२५). ज्या विषम मूळ संख्यांना हे जमतं त्या सगळ्यांना ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ येते. याची सिद्धता लांब आहे, इथे देत नाही.

दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की उरतात २४८ च्या पाढ्यात १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्याच संख्या. ४६,३४० पर्यंत मोजल्या तर ३७३, आणि त्यातला पहिला ६३ तर उघडच ३ ने फुटतो. राहिल्या ३७२. त्यातल्याही बऱ्याच मूळ नाहीत. सुरुवातीच्या अकरा पाहा: ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३. यात मूळ दोनच, ३११ आणि १३०३.

३११ ने भागून पाहू. दहा आकडी भागाकार मांडायची गरज नाही. २ चा दहावा घात १०२४. त्यातून ३११ तीनदा काढले की ९१ उरतात. विसावा घात हवा तर ९१ चा वर्ग: ८२८१, त्याची बाकी १९५. तिसावा घात म्हणजे १९५ × ९१ = १७,७४५, बाकी १८. एकतिसावा त्याची दुप्पट, ३६. एक वजा केला, ३५. शून्य आलं नाही. ३११ बाद. हे मी एसटीची वाट पाहताना तिकिटाच्या पाठीवर केलेलं आहे. दोन मिनिटं लागतात. १३०३ ची बाकी २२६ येते, तीही बाद. ऑयलर यांनी अशा एकेक करत सगळ्या तपासल्या. एकही शून्य आलं नाही.

१८११ मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लो यांनी लिहून ठेवलं की या मूळ संख्येपासून मिळणाऱ्या ‘परिपूर्ण’ संख्येहून (ती काय, ते शेवटी येईल) मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कोणी कधी शोधणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, त्यांचा उपयोग काही नाही. दोन्ही गोष्टी चुकल्या. १८७६ मध्ये फ्रान्सचे गणिती एदुआर ल्यूका यांनी १२७ दिव्यांची, ३९ आकडी संख्या मूळ ठरवली, आणि तीही भागाकार न करता.

ल्यूका यांची रीत, जी १९३० च्या सुमारास लेहमर यांनी सुटसुटीत केली, ती इतकी लहान आहे की पाहिल्यावर विश्वास बसत नाही. ४ ने सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, बाकी काढा. पुन्हा तेच. दिव्यांच्या संख्येहून दोन कमी इतक्या वेळा हे करून शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर नाही. सात दिव्यांच्या १२७ वर करू, पाच वेळा: ४ वरून १४, १४ वरून १९४, बाकी ६७, ६७ वरून ४४८७, बाकी ४२, ४२ वरून १७६२, बाकी १११, १११ वरून १२,३१९, आणि १२,३१९ म्हणजे बरोबर १२७ × ९७. शून्य. आपल्या संख्येवर हेच एकोणतीस वेळा केलं की शून्य येतं. ऑयलर यांची चाचण्यांची लांबलचक यादी एकोणतीस ओळींत आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, या घडीची सर्वांत मोठी मूळ संख्याही दिव्यांचीच ओळ आहे: १३,६२,७९,८४१ दिवे. दशमानात ती लिहायला ४,१०,२४,३२० आकडे लागतात.

उपयोगाचं म्हणाल तर आपल्या संख्येने बरीच वर्षं संगणकात यादृच्छिक संख्या, म्हणजे फासे टाकल्यासारखे आकडे, पुरवण्याचं काम केलं आहे. १ घ्या, १६,८०७ ने गुणा, २,१४,७४,८३,६४७ ने भागून बाकी ठेवा. त्या बाकीला पुन्हा १६,८०७ ने गुणा. १६,८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. १ नंतर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३. अशी ही माळ १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतच्या प्रत्येक संख्येला एकदाच भेटते आणि त्यानंतरच पुन्हा १ वर येते. आपण वर पाहिलेलीच प्रदक्षिणा, पण या वेळी जास्तीत जास्त लांबीची. गुप्त कामांना ही रीत पुरत नाही, साध्या खेळाला किंवा नमुना चाचणीला चालते. सी प्लस प्लस भाषेच्या प्रमाणित संग्रहात ती आजही आहे.

इथे बाकी काढणंही विलक्षण सोपं आहे. ९ ची कसोटी आठवते? संख्येतल्या आकड्यांची बेरीज करायची, कारण १० ला ९ ने भागलं की बाकी १. तसंच २ च्या ३१ व्या घाताला आपल्या संख्येने भागलं की बाकी १. म्हणून मोठी संख्या द्विमानात लिहून तिचे एकतीस-एकतीस खान्यांचे तुकडे पाडायचे आणि नुसती बेरीज करायची. जिथे भागाकार महाग पडायचा त्या जुन्या यंत्रांवर हे मोठं सुख होतं.

तिचे शेजारी पाहिलेत तर मजा येते. उजवीकडचा २,१४,७४,८३,६४८ फोडला की नुसते एकतीस वेळा २. डावीकडचा २,१४,७४,८३,६४६ फोडला तर २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१, सगळे बारीक तुकडे. त्यात ३१ आहे, तो फर्मा यांच्या नियमामुळे असणारच होता. आणि ७, ३१, १५१ हे तिघे आपल्याला आधी भेटले आहेत, सोळा खान्यांच्या ३२,७६७ मध्ये. दोन भुगा होणाऱ्या संख्यांच्या मधोमध ही अखंड उभी आहे.

एक जुना धागा राहिला. २८ चे स्वतःहून लहान विभाजक १, २, ४, ७, १४, बेरीज २८. अशा संख्येला परिपूर्ण संख्या म्हणतात. युक्लिड यांनी दाखवलं होतं की पेटलेल्या दिव्यांनी बनलेली संख्या मूळ असेल तर तिला तिच्यातल्या शेवटच्या दिव्याच्या किमतीने, म्हणजे पटावरच्या त्या घरातल्या दाण्यांइतक्या संख्येने, गुणलं की परिपूर्ण संख्या मिळते. तीन दिवे ७, शेवटचा दिवा ४; ७ × ४ = २८. आपल्या संख्येचा शेवटचा दिवा १,०७,३७,४१,८२४ चा. गुणाकार येतो २३०५८४३००८१३९९५२१२८. ही आठवी परिपूर्ण संख्या.

पतसंस्थेची यादी शेवटी वहीवरून पुन्हा भरावी लागली, कारण भिंतीला टेकलेला क्रमांक आधी काय होता हे सांगायला संगणकाकडे काहीच उरलं नव्हतं. मोबाइलचा रकाना मी मजकुराचा केला. त्या क्रमांकाची कोणी बेरीज-वजाबाकी करत नाही, तेव्हा तो संख्या म्हणून ठेवण्यात अर्थच नव्हता. खाते क्रमांकाचा रकाना ६४ खान्यांचा केला. त्याची मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७. त्रेसष्ट दिवे, सगळे पेटलेले. ही मात्र फुटते: ७ × ७ × ७३ × १२७ × ३३७ × ९२७३७ × ६४९६५७. तिसऱ्या गुणाकारानंतरचा १२७ पाहा, तो आठ खान्यांच्या सर्वांत लहान पूर्णांकाची मर्यादा आहे. त्रेसष्ट दिव्यांचे सात-सातचे नऊ गट पडतात, म्हणून तो तिथे आहे.